गाळ बसेपर्यंत

भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, बरखेड्यातल्या आमच्या क्वार्टरच्या अगदी समोर दिगंबर मोहरील राहायचे. मी लग्न होऊन इंदूरहून आले ते पंचाहत्तर साली. पहिल्याच संध्याकाळी श्रीकांतनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्यांची ओळख करून दिली ती अशी : "हे मोहरील. मूळचे नागपूरचे. सगळ्या टाउनशिपचं घाण पाणी हेच साफ करतात." मी नमस्कार केला आणि नकळत अर्धं पाऊल मागे सरकले. ते त्यांच्या लक्षात आलं. "घाबरू नका वहिनी, मी अंघोळ करून आलोय," असं म्हणून ते हसले. मला इतकी लाज वाटली, की दुसऱ्या दिवशी केलेले पोहे मी वाटीभर त्यांना नेऊन दिले. पुढची बावीस वर्षं समोरासमोरच्या त्या दोन दारांतून वाट्या जात-येत राहिल्या.

घरात ते एकटेच असत. पण एकट्या पुरुषाचं घर असतं तसं ते घर नव्हतं. खिडक्यांना पडदे होते, स्वयंपाकघरात मसाल्याचा डबा भरलेला होता, न्हाणीघराबाहेर बायकी स्लिपर्सचा एक जोड नीट ठेवलेला होता. "वहिनी माहेरी गेल्यात का?" मी विचारलं. "नोकरीवर असते. नागपूरला," ते म्हणाले. "येईल आता." हे "येईल आता" ते सात वर्षं म्हणत आले होते हे मला नंतर कळलं.

ते लग्न कसं जमलं, ते सांगायलाच हवं. दिगंबररावांचे वडील आणि कुसुमताईंचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, वडील, दोघंही नागपूरच्या जुन्या सचिवालयात कारकून. एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली बसणारे. छप्पन साली मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली तेव्हा टेबलं, कपाटं, फायली आणि माणसं रेल्वेत भरून इकडे आणली गेली, त्यात मोहरील कुटुंब टी. टी. नगरच्या सरकारी घरात येऊन पडलं. कुसुमताईंचे वडील तिकडेच राहिले. बारा वर्षांनी या दोघा मित्रांनी पोराचं आणि पोरीचं लग्न ठरवलं. मुलगा भोपाळला टाउनशिपच्या सीवेज प्लांटवर केमिस्ट, मुलगी नागपूरला महापालिकेच्या शाळेत शिक्षिका म्हणून कायम झालेली. कुणीतरी विचारलं, बदलीचं काय? दोघे व्याही एका सुरात म्हणाले, "अर्ज टाकू. सहा महिन्यांत भोपाळ."

नागपूर-जबलपूर, नागपूर-रायपूर अशा बदल्या त्यांनी जन्मभर हाताळल्या होत्या. ते सगळं एकाच राज्यात होतं. ते राज्य मोडलं आणि नागपूर महाराष्ट्रात गेलं, हे त्यांना माहीत होतं, त्याच्या फायली तर त्यांनी स्वतःच बांधल्या होत्या. पण डोक्यातून ते राज्य गेलंच नव्हतं. अर्ज गेला आणि एका ओळीचं उत्तर घेऊन परत आला : सदर शाळा व सदर गाव वेगवेगळ्या राज्यांत असल्याने बदलीची तरतूद नाही. दुसऱ्यांच्या बदल्यांची नोटिंगं लिहिण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांनी स्वतःच्या पोरांच्या वेळी एवढं विसरावं! मला अजूनही त्या दोन म्हाताऱ्यांचा राग येतो. ते दोघं आता नाहीत, तरी येतो.

मग कुणी नोकरी सोडायची? कुसुमताईंचे वडील लवकर गेले आणि धाकट्या दोन भावांची शिक्षणं त्यांच्या पगारावर आली. दिगंबररावांना नागपुरात तसा प्लांट मिळेना आणि दुसरं काम त्यांना येत नव्हतं. दर वर्षी दोघं म्हणायची, एवढं एक वर्ष जाऊ दे. मूलबाळ झालं नाही. त्यावर दोघंही कधी बोलली नाहीत आणि आम्ही कधी विचारलं नाही.

आता तो प्लांट. टाउनशिपच्या टोकाला, शेवटच्या क्वार्टरांच्या पलीकडे जमीन नाल्याकडे उतरते, तिथे तो होता. दोन टाक्या. पहिलीत पाणी घुसळत ठेवायचं, म्हणजे हवा मिसळते आणि त्यातले बारीक जीव घाण खाऊन टाकतात. दुसरीत ते पाणी शांत उभं राहायचं, गाळ खाली बसायचा आणि वरचं स्वच्छ पाणी काठावरून पन्हाळीत पडून टाउनशिपच्या बागांना जायचं. जास्तीचा गाळ उपसून शेजारच्या वाफ्यांत वाळत घालायचा. आमच्या पार्कातल्या गुलाबांचं जे कौतुक सगळे करायचे, ते त्या पाण्याचं. कौतुक करणाऱ्यांपैकी प्लांटवर कुणी पाऊल टाकलेलं नव्हतं, हेही सांगून टाकते. मीही नाही.

रोज सकाळी सात वाजता मोहरील घुसळत्या टाकीतलं लिटरभर पाणी काचेच्या लांबट जारमध्ये भरायचे आणि सावलीतल्या कट्ट्यावर ठेवायचे. मग अर्धा तास त्याला हात लावायचा नाही. गाळ हळूहळू खाली बसतो, वर निवळ पाणी उरतं. अर्ध्या तासानं गाळ कुठल्या रेघेवर आहे ते वाचायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. गाळ नीट बसला तर प्लांटची तब्येत ठीक. बसला नाही, तर काहीतरी बिनसलंय.

"अर्धा तास नुसते बसून राहता?" मी एकदा विचारलं होतं.

"नुसता कुठे? कार्ड लिहितो," ते म्हणाले.

खिशात पोस्टकार्डं घेऊनच ते कामावर जायचे. जारसमोर बसून कुसुमताईंना रोज एक कार्ड. येताना बाजारातल्या पेटीत टाकायचे. ती कार्डं मी नंतर पाहिली. बायकोला लिहिलेली वाटणारच नाहीत. "आज २१०. पाणी स्वच्छ. टिटवीनं गाळाच्या वाफ्यात अंडी घातली आहेत, म्हणून तो वाफा उपसायचा नाही असं हल्केला सांगितलं." हल्के म्हणजे त्यांच्या हाताखालचा पंपवाला. किंवा, "आज गाळ वर आला. मन लागत नाही." उघडं कार्ड, वाटेत दहाजणांनी वाचायचं, त्यात माणूस लिहिणार तरी काय? नागपूरचा पोस्टमन तर कार्ड देतानाच कुसुमताईंना सांगायचा, "बाई, साहेबांचं पाणी आज स्वच्छ आहे बरं का." त्या रविवारी आठवड्याच्या सगळ्या कार्डांना मिळून एक आंतर्देशीय पत्र लिहायच्या. बाईंचं अक्षर, एक खाडाखोड नाही.

कुसुमताई मे महिन्यात यायच्या, शाळेला सुट्टी लागली की. पाच आठवडे. त्या आल्या की समोरच्या घराचा आवाज बदलायचा. फोडणीचा आवाज, बांगड्यांचा आवाज, "अहो, ऐकलं का" असा आवाज. दिवाळीला मोहरील नागपूरला जायचे, चार दिवस. तुम्ही म्हणाल, भोपाळ-नागपूर एका रात्रीचा प्रवास, मधूनमधून जायला काय हरकत होती? हे मी त्यांना तोंडावर विचारलं होतं, एकदा नाही, दहादा. प्लांटला रविवार नसतो, हे त्यांचं उत्तर. त्यांच्या जागी जो यायचा तो जार न भरताच रजिस्टरमध्ये कालचा आकडा लिहायचा, आणि परत आल्यावर आठवडाभर निस्तरावं लागायचं. हे खरंही होतं. पण अर्धंच खरं. काही माणसांना वाट बघायची इतकी सवय होते, की भेटायचं धाडस उरत नाही. मोहरील त्यातले होते, आणि मी हे त्यांना सांगितलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

आणि मे महिना म्हणजे प्लांटचा सगळ्यात वाईट महिना. टाउनशिपमध्ये पाणी कमी येतं, त्यामुळे गटारात जे येतं ते दाट येतं. वाळत घातलेला गाळ तापतो. वारा नेमका नाल्याकडून क्वार्टरांकडे वाहतो. कुसुमताईंना नवऱ्याचं काम ठाऊक होतं ते एवढंच, एक वास. ते कामावरून आले की अंगणातच बादली ठेवलेली असायची. तिथे हातपाय धुऊन, कपडे बदलून मगच उंबऱ्याच्या आत. "मे महिन्यात नको, तू हिवाळ्यात ये एकदा," ते अंगणातून म्हणायचे. "जानेवारीत बघ. तळ दिसतो, कुसुम. बगळे येतात. पन्हाळीच्या कडेला मी झेंडू लावलाय."

"जानेवारीत शाळा असते हो," त्या आतून म्हणायच्या.

हे संभाषण मी बावीस उन्हाळे ऐकलं. सुरुवातीला मला हसू यायचं. मग कंटाळा आला. आणि शेवटी शेवटी ते ऐकू आलं की मी आमची खिडकी लावून घ्यायची, कारण मला ते ऐकवत नसे. ह्या माणसाला जगाकडून एकच गोष्ट हवी होती. आपण जन्मभर जे केलं ते बायकोनं एकदा चांगल्या दिवशी पाहावं. एवढंच, आणि तेवढंही जमत नव्हतं.

सत्त्याण्णव सालच्या एकतीस जानेवारीला मोहरील निवृत्त व्हायचे होते. नियमाप्रमाणे क्वार्टर सोडायचं आणि नागपूरला कुसुमताईंकडे जायचं, असं ठरलेलं. म्हणजे हा शेवटचा हिवाळा. दिवाळीत नागपूरला त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण डिसेंबरात एक आंतर्देशीय घेऊन ते आमच्याकडे आले.  संक्रांतीला जोडून कुसुमताईंनी रजा काढली होती. अकरा तारखेला येणार, सोळाला जाणार.

त्यानंतर मोहरीलांनी जे केलं ते मला अजून पटत नाही. हा माणूस तीस वर्षं सगळ्यांना सांगत आला, की टाकीला छळू नका, तिचं काम तिला करू द्या, आपण फक्त बघायचं. त्यांच्या हाताखाली हल्केराम म्हणून पंप चालवणारा होता, सागरकडचा, वयानं त्यांच्याच बरोबरीचा. त्यालाही त्यांनी हेच शिकवलेलं. पाणी त्या डिसेंबरात उत्तम होतं. पण बायको येणार म्हटल्यावर यांना उत्तम पुरेना. अजून निवळ हवं, आरशासारखं हवं. गाळ कमी केला तर पाणी अधिक स्वच्छ दिसेल असं डोक्यात घेतलं आणि निम्म्याहून जास्त गाळ उपसून वाफ्यांवर टाकला.

हल्के नको नको म्हणत होता. "साहब, इतना मत निकालो. ठंड है, दुबारा बनने में टाइम लगेगा."

"निकालो," साहेब म्हणाले.

तो गाळ म्हणजे घाण नसते, हे मला मोहरीलांनीच नंतर समजावलं. घाण खाणारे जीव त्यातच असतात. दह्याचं सगळं भांडं घासून पुसून ठेवायचं आणि मग दुधानं विरजण कुठून आणावं? त्यातून कडाक्याची थंडी, जीव वाढायला वेळ. सात-आठ तारखेला पाणी गढूळ झालं. दहा तारखेला टाकीवर फेस आला. पांढरा शुभ्र, हातभर उंच, वाऱ्यानं उडून झेंडूवर जाऊन बसणारा. आपलं काय चुकलं ते मोहरीलांना त्याच क्षणी कळलं. दहाच्या रात्री ते जेवले नाहीत.

अकरा तारखेला कुसुमताई आल्या. एकोणतीस वर्षांत त्या घरानं त्यांना पहिल्यांदाच स्वेटर घातलेलं पाहिलं. आल्या आल्या म्हणाल्या, "उद्या दाखवता ना?" उद्या नको, मोहरील म्हणाले, परवा. परवा पाणी निवळेल अशी काहीतरी वेडी आशा. तेरा तारखेला, भोगीच्या सकाळी, आणखी टाळता येईना. मला त्यांनी मुद्दाम बोलावलं. मला वाटतं, एकट्यानं ती फजिती सोसवणार नाही म्हणून.

कुसुमताई कोशाची साडी नेसून आल्या. टसर रेशमाची, बदामी रंगाची, लाल काठांची. सीवेज प्लांटवर जायला कोशाची साडी! मी टिंगल करणार होते, पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसले.

फाटकातून आत गेलो आणि समोर तो फेस. दुसऱ्या टाकीतलं पाणी ताकासारखं. तळ सोडा, हातभर खालचं दिसत नव्हतं. बगळा एक होता, तोही आम्हाला बघून उडून गेला.  मोहरीलांनी जार भरला, कट्ट्यावर ठेवला, घड्याळ बघितलं आणि उभेच राहिले.

"आता काय करायचं असतं?" कुसुमताईंनी विचारलं.

"अर्धा तास थांबायचं. पण थांबू नकोस. आज बसणार नाही तो. मला दिसतंय."

"मग बसू ना आपण," त्या म्हणाल्या, आणि कोशाच्या साडीनिशी त्या धुळकट कट्ट्यावर बसल्या.

मोहरील त्यांच्या शेजारी बसले, दोघांच्या मध्ये तो जार. मी जरा लांब, पंपघराच्या ओट्यावर. मध्येच कुसुमताई उठून हल्केनं केलेला चहा आणायला गेल्या, बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या आणि तीन कप घेऊन परत आल्या. जारमधलं पाणी वरपासून खालपर्यंत तसंच मळकट. त्यात कण लोंबत होते, ना वर जात होते, ना खाली. मला वाटत होतं, आता काहीतरी बोला. एकोणतीस वर्षांनी दोघं या जागी शेजारी शेजारी बसली आहात. पण दोघंही त्या जारकडे बघत चहा पीत राहिली.

साडेसात वाजले. मोहरीलांनी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, "बसत नाही." दुसरा कुणी असता तर त्या दिवशी तरी खोटा आकडा लिहिला असता.

"रोज असं नसतं, कुसुम," ते रजिस्टरकडे बघतच म्हणाले. "खरंच सांगतो. तू कुणालाही विचार."

"माझ्या वर्गातही हेच होतं हो," त्या म्हणाल्या. "इन्स्पेक्टर येतात त्या दिवशी नेमकी हुशार पोरं तोंड उघडत नाहीत."

त्यावर मोहरील हसले, पण डोळ्यांत पाणी होतं. मी उठून झेंडू बघायला गेले. झेंडूवर फेस वाळून पापड झाला होता.

चौदा, पंधरा, सोळा, या तिन्ही सकाळी कुसुमताई सात वाजता प्लांटवर गेल्या. पंधराला समोरच्या घरात हळदीकुंकू झालं, एकोणतीस वर्षांतलं पहिलं आणि शेवटचं. मी वाण म्हणून स्टीलच्या वाट्या वाटायला मदत केली. सोळाच्या सकाळीसुद्धा गाळ बसला नव्हता. दुपारच्या गाडीनं त्या गेल्या. त्याच संध्याकाळी मोहरील आमच्याकडे आले आणि गाळ उपसल्याची सगळी हकिकत सांगून टाकली. "हिला सांगू नका वहिनी. पाणीच वाईट होतं असं तिला वाटू दे. मी वाईट केलं हे नको." माझ्या पोटात काही राहत नाही अशी माझी ख्याती आहे. हे मात्र मी ठेवलं.

पाणी निवळलं सत्तावीस तारखेला. हल्के सायकल हाणत क्वार्टरवर सांगायला आला, कारण मोहरील त्या दिवशी थोडे तापानं पडले होते. ते तसेच उठून, मफलर गुंडाळून गेले. मीही गेले. तळ दिसत होता. खरंच दिसत होता, तळाला पडलेलं एक पिंपळाचं पान दिसत होतं. बगळे ओळीनं काठावर बसले होते. जार भरला, अर्ध्या तासात गाळ खाली जाऊन बसला आणि वर नुसती काच असल्यासारखं पाणी. मोहरीलांनी खिशातून कार्ड काढलं. बराच वेळ पेन धरून बसले. मग एवढंच लिहिलं : "आज स्वच्छ."

एकतीसला शाल, नारळ आणि भाषणं झाली. ज्या साहेबांनी प्लांट कधी पाहिला नव्हता त्यांनी त्यावर वीस मिनिटं भाषण केलं. हल्केनं मोहरीलांना तो जुना जार दिला, गोणपाटात बांधून. वरच्या काठाचा टवका उडालेला, म्हणून यादीतून बाद झालेला. दोन फेब्रुवारीला समोरच्या दाराला कुलूप लागलं. पुढे कित्येक दिवस मी पोहे केले की हात आपोआप एक जास्तीची वाटी काढायचा. मला ती माणसं समोर हवी होती, हे सरळ सांगते. मे महिना आला, नाल्याकडून वारा आला, आणि त्या वासानं मला रडू फुटलं. श्रीकांतला वाटलं मी आजारी आहे.

दोन वर्षांनी, जानेवारीतच, नात्यातल्या एका लग्नासाठी मी नागपूरला गेले आणि एक रात्र कुसुमताईंकडे राहिले. प्रतापनगरमध्ये दोन खोल्या, मागे लहानसा ओटा. मोहरील वाळले होते, पण बरे होते. जेवताना दोघं माझ्याशी भरभरून बोलली. एकमेकांशी मात्र "मीठ द्या" आणि "पाणी ठेवलंय" याच्या पुढे काही नाही.  आयुष्यभर वाट बघून हे?

सकाळी भांड्यांच्या आवाजानं जाग आली. कुसुमताई दुपारच्या भाताचे तांदूळ धूत होत्या. धुवण त्यांनी फेकलं नाही. फळीवरचा टवका उडालेला जार उतरवला, त्यात ते दुधट पाणी काठोकाठ ओतलं आणि ओट्यावर नेऊन ठेवलं. सात वाजले होते. मोहरील स्वेटर घालून बाहेर आले, घड्याळ बघितलं, जारसमोर बसले. कुसुमताई शेजारी बसून मेथी निवडू लागल्या. मग मोहरीलांनी खिशातून पोस्टकार्ड काढलं आणि लिहायला लागले. त्या त्यांच्याकडे बघत नव्हत्या. पुढ्यातली मेथी संपेपर्यंत पांढरा साका तळाला बसला. "एकशे दहा," मोहरील म्हणाले, कार्ड खिशात घातलं आणि चपला घालून कोपऱ्यावरच्या पेटीकडे गेले.

"हे कुणाला?" मी विचारलं.

"मला," कुसुमताई म्हणाल्या.

"अहो, तुम्ही तर शेजारी बसला होतात!"

"मग? पोस्टमन परवा आणून देईल." मेथीच्या काड्या गोळा करत त्या म्हणाल्या, "आले तेव्हा पहिले सहा महिने आम्ही दोघं नुसती भिंतीकडे बघत बसायचो. बोलायचं कसं तेच येईना. यांना नाही, मला पण नाही. सवय कुठे होती? एक दिवस वैतागून मी तांदळाचं धुवण भरलं आणि जार समोर ठेवला. दोन दिवसांनी कार्ड आलं. आता भांडतोसुद्धा कार्डावर."

मग त्यांनी डब्यातून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. गेल्याच आठवड्यात आलेलं होतं.

"प्रिय कुसुम, त्या संक्रांतीला पाणी गढूळ होतं ते मी केलं होतं. तुला अधिक चांगलं दाखवायला गेलो आणि सगळा गाळ काढून बसलो. हल्के नको म्हणत होता. हे तुला सांगायचं राहिलं. सत्तावीसला निवळलं तेव्हा तू नव्हतीस. आता तू आहेस, पण ते पाणी नाही. फार वाईट वाटतं. दिगंबर."

 दोन वर्षं मी जपून ठेवलेलं गुपित ते स्वतःच पंचवीस पैशांच्या कार्डावर, पोस्टमनलाही वाचू देत, सांगून मोकळे झाले होते.

"उत्तर लिहिलं का?" मी विचारलं.

"रविवारीच लिहिलंय. चिकटवायचं राहिलंय. वाच हवं तर, तू घरचीच."

तेच आंतर्देशीय, तेच बाईंचं अक्षर, एक खाडाखोड नाही.

"ती. स्वरूप, सा. न. वि. वि. कार्ड मिळालं. तुम्ही गाळ काढलात हे मला त्याच दिवशी कळलं होतं. चहा आणायला गेले तेव्हा हल्केनं सगळं सांगितलं आणि म्हणाला, आज काही बसायचा नाही, बाईसाहेब, तुम्ही घरी जा. पण जारपाशी बसलं की तुम्ही अर्धा तास कुठे उठून जात नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. म्हणून मी चारही दिवस आले. पाणी बघायला आले नव्हते. तुमची कुसुम."

तेवढ्यात फाटक वाजलं. मोहरील पेटीत कार्ड टाकून परत येत होते. कुसुमताईंनी माझ्या हातातलं पत्र घेऊन पटकन चिकटवलं आणि माझ्या पिशवीत घातलं.

"स्टेशनवर जाशील तेव्हा पेटीत टाक," त्या हळूच म्हणाल्या. "इथल्या पेटीपाशी मला ते बघतात."